दूर बसून एक गाणं रेकॉर्ड करताना: सगळ्यांचं शून्य एकच हवं

चार जण चार घरांत बसून एक गाणं रेकॉर्ड करणार असतील, तर सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नसते. एकाने गिटार वाजवून फाइल पाठवायची, दुसऱ्याने ती हेडफोनवर ऐकत गायचं, तिसऱ्याने त्यावर ठेका धरायचा आणि शेवटी सगळ्या फाइली एकाकडे जमा करून मिक्स करायचं. लागणारं सगळं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तरीही अशी बरीच गाणी अर्धवट पडून राहतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: आलेल्या फाइली एकमेकींवर बसत नाहीत. गाणाऱ्याचा सूर चोख असतो, वादकाची लय पक्की असते, पण मिक्समध्ये दोघं धडपडल्यासारखे वाटतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम पाळा. गाण्याचा एकच शून्य सेकंद ठरवायचा आणि प्रत्येकाची प्रत्येक फाइल त्याच शून्यापासून सुरू करायची. एखाद्याची बासरी तिसऱ्या मिनिटाला पहिल्यांदा वाजत असली, तरी तिच्या फाइलमध्ये आधीची तीन मिनिटं शांतता असली पाहिजे. पुढचं जवळजवळ सगळं हे शून्य सांभाळण्यासाठीच आहे.

सॉफ्टवेअर

नवख्यांसाठी ऑडॅसिटी पुरते. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि हे लिहिताना डोळ्यांसमोर तीच आहे. ३.२ आवृत्तीपासून तिच्यात इफेक्ट मूळ आवाजाला धक्का न लावता ट्रॅकवर लावता येतात, आणि ३.४ पासून वरच्या वेळेच्या पट्टीवर सेकंदांऐवजी मात्रा आणि आवर्तनं दिसू शकतात. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर आधी नवी उतरवून घ्या.

मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळतं. ट्रॅक्शनचं वेव्हफॉर्म फ्री तिन्ही प्रणालींवर चालतं आणि ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा घालत नाही. आर्डोर फार ताकदीचं आहे. बहुतेक लिनक्स वितरणांत ते थेट फुकट मिळतं, पण त्याच्या संकेतस्थळावरच्या तयार आवृत्तीसाठी पैसे मागितले जातात. ज्याला जे सवयीचं असेल ते त्याने वापरावं. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं असा आग्रह धरू नका. देवाणघेवाण साध्या ऑडिओ फाइलींची होणार आहे, प्रोजेक्ट फाइलींची नाही. एका प्रोग्रॅमचं प्रोजेक्ट दुसऱ्यात उघडत नाही, आणि तोच प्रोग्रॅम असला तरी तुमचा एखादा प्लगइन (प्रोग्रॅमला जोडलेला जादा इफेक्ट किंवा वाद्य) समोरच्याकडे नसला की आवाज बदलतो.

एकही सूर वाजवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

एक छोटी मजकूर फाइल बनवा आणि सगळ्यांना पाठवा. तिच्यात एवढं हवं:

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) नोंदायचे: ४८,००० हर्ट्झ किंवा ४४,१०० हर्ट्झ. कुठलाही चालेल, पण सगळ्यांचा तोच. ऑडॅसिटी फाइल उघडताना तिचा दर ओळखते. सगळीच साधनं तेवढी काळजी घेत नाहीत. ४८ हजारांची फाइल ४४.१ हजारांची समजून वाजवली गेली, तर ४ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं आणि सूर कीबोर्डवरच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. कुणी ‘तुझी फाइल बेसूर आहे’ म्हणालं, तर सुराला दोष देण्याआधी हा आकडा तपासा.

बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदायचा: पाठवताना २४ बिट. ऑडॅसिटी आतल्या आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करते, ते तसंच राहू द्या.

लय: पूर्ण आकड्यात, उदाहरणार्थ ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. ‘साधारण ९६’ म्हणजे काय ते पाहा: एकाने ९६ धरले आणि दुसऱ्याने ९६.५, तर ४ मिनिटांच्या शेवटी दोघांत सव्वा सेकंदाचं अंतर पडलेलं असतं, म्हणजे जवळजवळ दोन मात्रांचं.

पट्टी आणि ट्यूनिंग: ‘काळी दोन’ एवढं लिहून भागत नाही. मधल्या सप्तकातला धैवत, म्हणजे पांढरी एकपासून मोजलेला सहावा पांढरा सूर, ४४० हर्ट्झला लावलाय का तेही लिहा. एखादी पेटी ४४२ ला लावलेली असेल तर फरक जेमतेम ८ सेंटचा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट), एकट्याने वाजवताना कळतही नाही. पण डिजिटल कीबोर्डबरोबर तोच सूर लांबवला की लाटा ऐकू येतात. ज्या वाद्याचं ट्यूनिंग बदलता येत नाही, त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. त्या वाद्याचा षड्ज २० सेकंद रेकॉर्ड करून तोही सगळ्यांना पाठवा.

रचना: कडवी, मधलं संगीत, शेवट, प्रत्येकाची आवर्तनं मोजून. ‘दुसऱ्या कडव्यानंतर थोडं थांबायचं’ यातलं ‘थोडं’ प्रत्येक घरात वेगळं असतं.

मार्गदर्शक ट्रॅक

हे काम एकानेच करायचं. ऑडॅसिटीत नवीन प्रोजेक्ट उघडा, ऑडिओ सेटिंग्जमध्ये प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ठरल्याप्रमाणे ठेवा आणि जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक घ्या, म्हणजे प्रत्येक मात्रेला एक ठोका, ‘क्लिक’, वाजेल. लय ९६, एका आवर्तनात ४ मात्रा, आणि आवर्तनांची संख्या गाण्यापेक्षा चारने जास्त. पहिली दोन आवर्तनं मोजणीची आणि शेवटची दोन शेपटीची.

९६ ही लय उदाहरणाला मुद्दाम घेतलीय, कारण तिचं गणित सुटसुटीत आहे. एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, चार मात्रांचं आवर्तन अडीच सेकंदांचं, दोन आवर्तनांची मोजणी बरोबर ५ सेकंदांची. म्हणजे गाण्याची पहिली सम ५.००० सेकंदावर येते. ४८ हजारांच्या दराने तो २,४०,००० वा सॅम्पल. हा आकडा मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे कुणाची फाइल सरकली आहे का, हे एका नजरेत कळतं.

क्लिकचा आवाज निवडताना टोकदार ‘टिक’ टाळा, तो हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतो. काउबेल किंवा मऊसा आवाज बरा. क्लिकवर गाण्याचा साधा आराखडा वाजवा: स्वरांची साथ आणि गुणगुणलेली चाल. त्यात सफाई नको, लय आणि जागा चोख हव्यात. हा ट्रॅक शेवटी काढूनच टाकायचा आहे, पण बाकीचे सगळे याच्याच आधाराने वाजवणार. तो ढेपाळलेला असेल तर पूर्ण गाणं ढेपाळतं.

आता दोन फाइली काढा, एक फक्त क्लिकची आणि एक क्लिकशिवाय आराखड्याची. दोन्ही शून्यापासून, दोन्ही सारख्या लांबीच्या. वेगळ्या दिल्या की प्रत्येकाला आपल्या कानाला हवं तेवढंच क्लिक ठेवता येतं.

आराखडा एमपीथ्रीत पाठवू नका. एमपीथ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. लेम हा प्रचलित एन्कोडर ५७६ सॅम्पल जोडतो, उलगडताना आणखी ५२९ सॅम्पलचा उशीर होतो. एकूण १,१०५, म्हणजे ४४.१ हजारांच्या दराने २५ मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ही शांतता ओळखून कापतात, काही तशीच ठेवतात. म्हणजे एकाच फाइलचं शून्य दोन घरांत दोन ठिकाणी! वेव्ह किंवा फ्लॅक वापरा. फ्लॅकमध्ये आवाज कणभरही बदलत नाही आणि आकार बराच कमी होतो.

लेटन्सी, म्हणजे दिरंगाई: एकदाच मोजा, नीट मोजा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि निम्मी डोकेदुखी इथूनच येते. तुम्ही क्लिक ऐकता, त्यावर गाता, आवाज माइकमधून संगणकात जातो. संगणकातून क्लिक बाहेर यायला थोडा वेळ लागतो आणि तुमचा आवाज आत जायला आणखी थोडा. ही दोन्ही दिरंगाई मिळून तुमचा ट्रॅक खऱ्या जागेपेक्षा उशिरा नोंदला जातो. सॉफ्टवेअर तो मागे ओढून बसवतं. ऑडॅसिटीत हा आकडा मुळात -१३० मिलिसेकंद ठेवलेला असतो, पण तो अंदाज आहे. तुमच्या यंत्राचा आकडा ९० असू शकतो किंवा २१०.

मोजायची रीत अशी:

१. ऑडिओ सेटिंग्जमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन ० करा. रेकॉर्ड करताना बाकीचे ट्रॅक वाजत राहतील, म्हणजे ओव्हरडब, हा पर्याय चालू आहे ना ते पाहा. सॉफ्टवेअर प्लेथ्रू, म्हणजे माइकचा आवाज लगेच हेडफोनमध्ये परत ऐकवणं, बंद ठेवा.

२. नवीन प्रोजेक्टमध्ये ऱ्हिदम ट्रॅक तयार करा. इथे मात्र टोकदार क्लिक हवा, म्हणजे त्याची सुरुवात स्पष्ट दिसेल.

३. हेडफोनचा एक कप माइकला अगदी चिकटवून धरा. आवाज मध्यम ठेवा.

४. शिफ्ट आणि आर दाबून नव्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग सुरू करा. दहा-बारा क्लिक झाले की थांबा.

५. आता भिंग लावल्यासारखं झूम करत जा. वरच्या ट्रॅकवर क्लिकची सरळ उभी कड दिसेल, खालच्या ट्रॅकवर तोच क्लिक थोडा उजवीकडे, सुरुवातीला बारीक थरथर असलेला. वरच्या कडेपासून खालच्या पहिल्या उसळीपर्यंत माउसने निवड करा आणि खालच्या सिलेक्शन टूलबारवर त्या निवडीची लांबी वाचा. तिचं माप मिलिसेकंद दिसतील असं निवडून घ्या.

६. समजा ११८ मिलिसेकंद आले. लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये -११८ लिहा. उणे चिन्ह विसरलात तर ट्रॅक उलट दिशेला पळेल.

७. पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्ही कडा एकाखाली एक यायला हव्यात. एक-दोन मिलिसेकंदांचा फरक चालतो. तीन वेळा करून पाहा.

दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर ब्लूटूथचं काहीतरी मध्ये आहे का ते आधी पाहा, मग यूएसबी हब काढून इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारं यंत्र, थेट संगणकाला जोडा. इंटरफेस, सॅम्पल रेट, बफरचा आकार किंवा विंडोजवरची ध्वनी-यंत्रणा, म्हणजे एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी यांपैकी जी असेल ती, यातलं काहीही बदललं की मोजणी नव्याने करायची. आकडा एका कागदावर लिहून संगणकाला चिकटवून ठेवलात तर उत्तम.

ब्लूटूथ हेडफोन या सगळ्या कामाला बाद. त्यांची दिरंगाई सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जाते, ती स्थिरही नसते, आणि हेडफोनचाच माइक वापरला तर आवाज फोनकॉलच्या दर्जाला घसरतो. तारेचा, कान पूर्ण झाकणारा, बंद कपांचा हेडफोन घ्या.

रेकॉर्डिंग

माइकपासून तोंड एक वीत लांब, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलं की एका दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरची जाळी, नसेल तर माइक तोंडासमोरून दोन बोटं बाजूला सरकवा. झोत शेजारून निघून जातो. गिटारचा माइक भोकासमोर धरू नका, तिथे घुमारा फार येतो. मान जिथे गिटारच्या धडाला मिळते त्या भागाकडे, २० ते ३० सेंटिमीटरवरून रोखा.

खोली जेवढी मोकळी तेवढा तिचा प्रतिध्वनी जास्त, आणि एकदा रेकॉर्ड झालेला प्रतिध्वनी काढता येत नाही. चार घरांतल्या चार खोल्यांचे प्रतिध्वनी एकत्र आले की गाणं चार ठिकाणी रेकॉर्ड झालंय हे लपत नाही. पाठीमागे जाड गोधड्या टांगा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा. पंखा, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ यांचा बंदोबस्त आधीच करा.

लेव्हल: गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ म्हणून पाहा आणि शिखर -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान येईल (शून्य ही कमाल मर्यादा) असा गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, इंटरफेसवरच लावा. खऱ्या टेकमध्ये, म्हणजे खऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी, माणूस चाचणीपेक्षा हमखास जोरात गातो, म्हणून ही जागा सोडायची. २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतं. शून्याला आपटून सपाट झालेली लाट मात्र परत येत नाही. ३२ बिट फ्लोटमुळे ती वाचते असं काहींना वाटतं. आवाज इंटरफेसमध्येच कापला गेला असेल तर सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही.

रेकॉर्ड सुरू झाल्यावर मोजणीच्या पाच सेकंदांत श्वासही जपून घ्या. ही रिकामी जागा सोन्यासारखी असते: मिक्स करणारा तिथूनच तुमच्या खोलीच्या घरघरीचा नमुना घेतो आणि गोंगाट कमी करणाऱ्या नॉइज रिडक्शन या इफेक्टला देतो. शेवटचा सूर विरल्यावरही चार सेकंद हलू नका. गाण्याचा शेवट हळुवार असेल तर तिथपर्यंत क्लिकचा ट्रॅक खाली आणा, नाहीतर शेवटच्या शांततेत हेडफोनमधून गळालेला क्लिक ऐकू येतो.

तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्ड करण्यापेक्षा तीन पूर्ण टेक घ्या. त्यांतले चांगले भाग तुम्हीच निवडून एक सलग ट्रॅक बनवायचा असेल, तर प्रत्येक सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढेल, नाहीतर तिथे टचकन आवाज येतो.

ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्यालाही सहभागी करून घेता येतं. मार्गदर्शक ट्रॅक संगणकावर तारेच्या हेडफोनवर लावायचा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं. मोजणीचे आठ क्लिक वाजत असताना हेडफोनचा एक कप फोनच्या माइकजवळ धरायचा, मग कानावर घेऊन गायचं. शेपटीचे क्लिक आले की पुन्हा कप माइकजवळ. त्या फाइलमध्ये दोन्ही टोकांना क्लिकच्या खुणा येतात, आणि मिक्स करणाऱ्याला त्या मूळ क्लिकवर आणून बसवता येतात. फोनमधलं आवाज आपोआप कमी-जास्त करणारं आणि गोंगाट दाबणारं सेटिंग बंद करता येईल असं रेकॉर्डर ॲप निवडा, नाहीतर लांबवलेला सूर मध्येच बुडतो.

फाइल काढून पाठवणं

बहुतेक अपघात इथे होतात. ऑडॅसिटीत फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ऑडिओ उघडल्यावर क्रमाने हे पाहा.

फॉरमॅट वेव्ह, एन्कोडिंग २४ बिट पीसीएम. मुळात १६ बिट निवडलेलं असतं, ते बदला. एका माइकचं रेकॉर्डिंग असेल तर मोनो ठेवा. स्टिरिओ केल्याने आवाज सुधारत नाही, आकार मात्र दुप्पट होतो. ४८ हजार, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. पाच मिनिटांचा एक ट्रॅक ४३ एमबीच्या आसपास.

अनेक ट्रॅक असतील तर ‘मल्टिपल फाइल्स’ निवडून ट्रॅकनुसार वेगळ्या फाइली काढा. मग ‘ट्रिम ब्लँक स्पेस बिफोर फर्स्ट क्लिप’ ही चौकट शोधा. तिच्यावरची टिक काढलेली हवी. ती राहिली तर ऑडॅसिटी सुरुवातीची शांतता कापून टाकते, तिसऱ्या मिनिटाला येणारी बासरी शून्यावर जाऊन बसते आणि समोरचा माणूस ती कुठे ठेवायची म्हणून तासभर चाचपडतो.

ट्रॅकच्या डावीकडचा गेन शून्यावर आणि पॅन, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या कानाकडे झुकवणारी सरकपट्टी, मध्यावर आहे का ते पाहा. तुम्ही ऐकायच्या सोयीसाठी सरकवलेला पॅन आणि लावलेले इफेक्ट निर्यातीत पक्के होऊन जातात. रीव्हर्ब (घुमारा देणारा), कॉम्प्रेसर (चढ-उतार आवरणारा), इक्वलायझर (खर्ज-तार कमी-जास्त करणारा) काहीही न लावता कोरा आवाज पाठवा. नॉर्मलाइझही, म्हणजे पूर्ण ट्रॅक ठरावीक पातळीपर्यंत वाढवणंही, करू नका. इफेक्ट हा वादनाचाच भाग असेल, उदाहरणार्थ इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन, तर दोन फाइली पाठवा: एक कोरी, एक इफेक्टसह.

पाठवण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. रिकामं प्रोजेक्ट उघडा, क्लिकची मूळ फाइल आणि तुमची नवी फाइल दोन्ही त्यात ओढा, काहीही न सरकवता वाजवा. लयीत ऐकू आलं तर पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे, दोन दिवसांची पत्रापत्री वाचते.

नावं रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या. काही जुने झिप प्रोग्रॅम देवनागरी नावांचे ठोकळे करून टाकतात. क्रम असा ठेवा: गाणं, वाद्य, वाजवणारा, टेकचा क्रमांक, लय, सॅम्पल रेट. ‘फायनल’ हा शब्द नावात नकोच, त्याच्यामागे ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरी’ येतातच. ०१, ०२ असे आकडे द्या.

फाइल क्लाउडवर ठेवून दुवा पाठवणं सर्वांत बरं. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. व्हॉइस नोट केव्हाही नको.

ऑडॅसिटीच्या प्रोजेक्टबद्दल एक इशारा. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळं प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतं. ती फाइल आतून एक डेटाबेस आहे, आणि प्रोजेक्ट उघडं असताना तिच्याशेजारी तात्पुरत्या फाइली तयार होतात. अशी उघडी फाइल क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये असली तर अर्धवट प्रत वर जाऊन प्रोजेक्ट बिघडू शकतं. काम साध्या फोल्डरमध्ये करा, प्रोजेक्ट बंद करा आणि मगच प्रत क्लाउडवर टाका.

आलेल्या फाइली बसवताना

सगळ्या फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये ओढल्या की त्या शून्यावर लागतात. क्लिकचा ट्रॅक सर्वांत वर ठेवा आणि प्रत्येक ट्रॅक एकेक करून फक्त क्लिकबरोबर ऐका. ज्याचा उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे, त्याची लेटन्सी मोजायची राहिली आहे. पूर्ण क्लिप तेवढी डावीकडे ओढा आणि त्या माणसाला आकडा कळवा.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे सरकत जाणारा ट्रॅक वेगळी गोष्ट सांगतो. वाजवणारं यंत्र एक आणि रेकॉर्ड करणारं दुसरं, म्हणजे संगणक आणि फोन, असं असलं की दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दर दहा लाख सॅम्पलमागे पन्नासाचा फरक धरला तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतात. फोनच्या फाइलमधले शेपटीचे क्लिक इथे कामी येतात: किती सरकलंय ते तिथे मोजता येतं. पूर्ण ट्रॅक ताणण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा दोन ओळींमधल्या शांततेत कापा आणि प्रत्येक तुकडा थोडा-थोडा मागे घ्या. दोन-चार मिलिसेकंद कुणाला ऐकू येत नाहीत.

लय आधी आणि सफाई नंतर. सगळे ट्रॅक बसल्याशिवाय नॉइज रिडक्शनला हात लावू नका, आणि लावलात तरी हलका. जास्त दाबलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुडगुडतो. सगळ्या कोऱ्या ट्रॅकवर एकच रीव्हर्ब वापरला, कुणाला थोडा कुणाला जास्त, की वेगवेगळ्या घरांतली माणसं एका खोलीत आल्यासारखी वाटतात.

कच्चं मिक्स ऐकायला पाठवताना एमपीथ्री चालतो, त्यावर कुणी वाजवणार नसेल तर. प्रतिक्रिया वेळेसह मागा: ‘१:४७ ला गिटार आवाजाला झाकतेय’. ‘जरा ऊब हवी’ यावरून फेडर, म्हणजे आवाजाचा सरकता दांडा, कुठे हलवायचा ते कळत नाही. आणि शेवटचा निर्णय कुणाचा, हे आधीच ठरलेलं बरं.

तयार मिक्सची लेव्हल स्ट्रीमिंगसाठी -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास आणि शिखर -१ डेसिबलखाली ठेवा. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मुळात -२३ असतं, ते बदलावं लागतं. वाढवल्यावर शिखर वर जात असेल तर लिमिटर, म्हणजे शिखर मर्यादेवर रोखणारा इफेक्ट, लावा.

एकाच वेळी वाजवायचं असेल तर

व्हिडिओ कॉलवर ते जमत नाही. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांची दिरंगाई साडेतीन मीटर लांब बसल्यासारखी वाटते. एका बाजूची दिरंगाई २५-३० मिलिसेकंदांच्या वर गेली की दोघं एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय मंदावत जाते. जॅम्युलस, सोनोबस आणि जॅकट्रिप ही फुकट साधनं ती कमी ठेवण्यासाठीच बनवली आहेत. संगणक राउटरला तारेने जोडा, वायफाय नको. विंडोजवर जॅम्युलसला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कमी दिरंगाईची ध्वनी-यंत्रणा, लागतो. प्रकाशतंतूतूनही संकेताला हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतातच, तेव्हा फार लांबच्या मित्राबरोबर हा नाद सोडलेला बरा. ही साधनं सरावाला आणि चाल ठरवायला वापरा, रेकॉर्डिंग वर सांगितलेल्या पद्धतीनेच करा.

काम झाल्यावर

चाल कुणाची, शब्द कुणाचे, रेकॉर्डिंगवर नावं कोणत्या क्रमाने, पैसे आले तर वाटणी कशी, हे गाणं प्रसिद्ध होण्याआधी दोन ओळींत लिहून सगळ्यांची संमती घ्या. खुल्या परवान्याने द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा नेमका कोणता परवाना ते लिहा; व्यापारी वापराला बंदी घालणारा आणि न घालणारा यांत मोठा फरक आहे, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

मग एक फोल्डर बनवा. त्यात प्रत्येकाची कोरी वेव्ह किंवा फ्लॅक फाइल शून्यापासून, क्लिकची फाइल, शेवटचं मिक्स आणि ती पहिली मजकूर फाइल: लय ९६, पहिली सम ५.००० सेकंदावर, दर ४८,०००. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. आज वापरलेला प्रोग्रॅम पुढे मिळाला नाही, तरी एवढ्यावरून गाणं दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटांत पुन्हा मांडता येतं.